भरधाव गाडीचा टायर का फुटतो आणि हवा कशी राखायची

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फुटलेला टायर घेऊन आलेले ग्राहक बहुधा एकच सांगतात, "टायर चांगला होता हो, काही कळायच्या आत फुटला." त्यांचं म्हणणं खोटं नसतं, त्यांना तसंच जाणवलेलं असतं. पण तो टायर रिमवरून उतरवून आतून पाहिला की अनेकदा वेगळीच हकीकत दिसते. तळाशी काळ्या रबराचा भुगा साचलेला असतो. बाजूच्या भिंतीला आतून गोल फिरलेली घासटलेली पट्टी असते. कुठे कुठे दोरे उघडे पडलेले असतात. हे काही एका क्षणात होत नाही. तो टायर कमी हवेवर कितीतरी किलोमीटर पळलेला असतो आणि शेवटी महामार्गावर, नेमका वेगात असताना दगा देतो.

टायर विकणं आणि बसवणं हा आमचा धंदा आहे. तरीही अशा टायरच्या जागी नवा बसवताना आम्हाला बरं वाटत नाही, कारण त्या गाडीत माणसं होती आणि पाच मिनिटं हवेचा दाब मोजणारं गेज लावून पाहिलं असतं तर ती वेळ टळली असती. म्हणून हे पत्रक.

गाडीचं ओझं उचलते ती हवा

गाडीचं वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. रबर, दोरे आणि पोलादी तारांचे पट्टे हे सगळं त्या हवेला घट्ट धरून ठेवण्यासाठी. टायर रस्त्याला टेकतो तिथे थोडा दबतो आणि फिरून वर गेला की पुन्हा गोल होतो. म्हणजे बाजूच्या भिंतीचा प्रत्येक तुकडा दर फेऱ्याला एकदा वाकतो आणि सरळ होतो. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना तो मिनिटाला साडेआठशेच्या आसपास फेरे मारतो, तासाभरात पन्नास हजारांहून जास्त. तितक्याच वेळा ते रबर वाकतं.

लोखंडाची तार हातात धरून पुढेमागे वाकवत राहा. वाकते तिथे ती गरम होते आणि थोड्या वेळाने तुटते. टायरमध्येही तेच चालतं. हवा बरोबर असेल तर वाकणं थोडं, उष्णता थोडी, आणि ती वाऱ्यावर निघून जाते. हवा कमी असेल तर दर फेऱ्याला भिंत जास्त खोल वाकते. रबरातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे ती आतल्या आत साठत जाते. सर्वांत जास्त साठते ती टायरच्या खांद्यापाशी, जिथे रबर जाड असतं आणि पोलादी पट्ट्यांच्या कडा संपतात. तिथे रबर आणि पोलाद यांची पकड सुटू लागते. आधी कडेला बारीक फट पडते, मग ती सरकत जाते आणि एके दिवशी वरचं नक्षीचं साल पट्ट्यासकट उखडून येतं. काही टायर बाजूने जातात. तिथले दोरे वाकून वाकून तुटतात, एक तुटला की त्याचा भार शेजारच्यावर येतो, आणि भिंत ओळीने उसवत जाते.

वेग वाढला की यात आणखी एक भर पडते. दबलेला भाग पूर्ण सरळ व्हायच्या आतच पुढचा फेरा येतो. मग जमिनीवरून सुटलेल्या भागामागे टायरच्या अंगावर लाटा उठतात आणि जागच्या जागी उभ्या राहतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्या अवस्थेत टायर काही मिनिटांत भयंकर तापतो. पुरेशी हवा असलेल्या टायरमध्ये ही अवस्था फार वरच्या वेगाला येते. हवा जितकी कमी, तितकी ती लवकर येते. गावातल्या गावात महिनाभर निमूटपणे चाललेला टायर महामार्गावर अर्ध्या तासात का फुटतो, त्याचं उत्तर इथे आहे. त्याच दिवशी गाडीत पाच माणसं, मागे सामान आणि टपावर आणखी काही बांधलेलं असलं, तर विचारायलाच नको.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवा"

हा सल्ला आम्ही रोज ऐकतो आणि रोज खोडतो. तो देणाऱ्याचं मन स्वच्छ असतं. उन्हाने हवा प्रसरण पावते, दाब वाढतो, म्हणून आधीच चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी ठेवले की टायर वाचेल, असा त्यामागचा हिशेब. पहिला भाग बरोबर आहे. दाब वाढतो, दर ५ ते ६ अंश सेल्सिअसला साधारण १ पीएसआय. सकाळी २५ अंशांवर ३३ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा महामार्गावर ६५ अंशांपर्यंत तापली, तर गेजवर ३९ च्या आसपास दिसेल. पण एवढी वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते. धडधाकट टायर त्याच्या नेहमीच्या दाबाच्या कित्येक पट दाब सोसतो. ३३ चे ३९ झाले म्हणून तो फुटत नाही.

पाच पीएसआय काढून टाकल्याने मात्र त्याचं वाकणं वाढतं, तो जास्त तापतो, आणि ज्या उष्णतेला भिऊन हवा काढली तीच आपण आत भरतो. वाटेत थांबल्यावर टायर गरम लागला, गेजवर ३८ दिसले, म्हणून हवा सोडू नका. ती सोडलीत तर टायर निवल्यावर दाब २७-२८ वर येईल आणि उद्या तसाच पुढे धावेल.

नेमून दिलेल्यापेक्षा जास्त हवा ठेवणंही चांगलं नव्हे. टायर मधोमध झिजतो, पकड कमी होते आणि खड्ड्याचा दणका टायर पोटात घेत नाही, दोऱ्यांवर घेतो. पण महामार्गावर फुटलेल्या टायरांमध्ये आम्हाला जो खुणा सोडून गेलेला गुन्हेगार वारंवार दिसतो, तो म्हणजे कमी हवा.

किती भरायची, कधी मोजायची

आकडा गाडी बनवणाऱ्याने दिलेला असतो. चालकाच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर किंवा दाराच्या कडेला तक्ता चिकटवलेला दिसतो. काही गाड्यांत तो इंधनाच्या झाकणामागे असतो, आणि मालकाच्या पुस्तिकेत तर असतोच. त्यात बहुधा दोन रकाने असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. हा दुसरा रकाना फार थोडे लोक वाचतात. सहकुटुंब लांबच्या प्रवासाला निघताना तुमच्या कामाचा आकडा तोच आहे, आणि मागच्या चाकांसाठी तो बराच जास्त असू शकतो.

टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा हा सोसण्याच्या मर्यादेचा असतो, भरण्याचा नव्हे. तो पाहून हवा भरू नका.

मोजायची ती थंड टायरवर. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली, किंवा जेमतेम किलोमीटर-दोन किलोमीटर हळू चाललेली. पंपापर्यंत जायला यापेक्षा लांब पडत असेल तर स्वतःचं गेज घ्या आणि घरच्या घरी, सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा. वाटेत, गरम टायरवर तक्त्यातल्यापेक्षाही कमी आकडा दिसला तर टायर निवायची वाट पाहू नका, तिथेच भरा आणि दुसऱ्या दिवशी थंड टायरवर पुन्हा पाहून जुळवून घ्या. गरम असूनही कमी दिसतोय याचा अर्थ थंडपणी तो आणखी कमी होता.

कुठे बार दिसेल, कुठे किलोपास्कल. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल. ३३ पीएसआय म्हणजे साधारण २.३ बार.

पंक्चर नसलं तरी टायर महिन्याला १ ते २ पीएसआय हवा गमावतो. रबरातून हवा झिरपते, यात टायरचा दोष नाही. चार महिने न पाहिलेला टायर त्यामुळे सहज सहा-सात पीएसआयने खाली आलेला असतो. म्हणून महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी मोजायचं. डोळ्यांनी पाहून किंवा लाथ मारून अंदाज घेऊ नका. रेडियल टायरची (आजच्या बहुतेक मोटारींना हेच असतात) बाजू पुरेशी हवा असतानाही थोडी फुगलेलीच दिसते. ३३ आणि २५ यांतला फरक आम्हालाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही, आणि आम्ही दिवसभर टायरच पाहतो.

नायट्रोजनबद्दल विचारणा बरीच होते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, एवढा त्याचा फायदा. तापल्यावर तो जवळपास साध्या हवेइतकाच प्रसरण पावतो. नायट्रोजन भरलाय म्हणून मोजणं सोडलं, तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त. नायट्रोजनच्या टायरमध्ये हवा कमी वाटली आणि जवळ साधी हवाच मिळाली, तर बेलाशक भरा.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

घोड्याच्या नालासारखा आकार, खाली दाते आणि मध्ये उद्गारचिन्ह. टायर आडवा कापला तर जसा दिसेल तसं ते चित्र आहे. टायरमधला दाब कमी झाल्याची खबर देणारा हा दिवा.

तो गाड्यांमध्ये सक्तीने आला त्यामागे मोठी किंमत मोजली गेली आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत सुमारे ६५ लाख फायरस्टोन टायर परत मागवले गेले. वेगात असताना त्यांची साल पट्ट्यासकट सुटत होती, गाड्या उलटत होत्या, आणि या टायरांशी जोडलेल्या अपघातांत दोनशेहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे कायदा झाला आणि त्यातून पुढे दाबसूचक यंत्रणा बंधनकारक झाली. १ सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सर्व नव्या हलक्या गाड्यांना ती लागू आहे. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ती असावी लागते.

यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. तुमच्या गाडीत कोणता आहे हे ठाऊक असणं गरजेचं आहे.

एका प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हपाशी एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो दाब आणि तापमान मोजून रेडिओलहरींनी गाडीला कळवतो. डॅशबोर्डवर चारही चाकांचे आकडे दिसत असतील तर तुमच्याकडे बहुधा हाच आहे. त्याची बॅटरी आत सीलबंद असते, साधारण ५ ते १० वर्षं टिकते, आणि संपली की सेन्सरच बदलावा लागतो. टायर उतरवताना तो मोडू शकतो. म्हणून कुठेही टायर बदलायला गेलात तरी काम सुरू होण्याआधी "आत सेन्सर आहे" हे आवर्जून सांगा. पंक्चर बुजवायचं द्रव औषध टायरमध्ये घातलं असेल तर तेही सांगा, त्याने सेन्सरचं छिद्र तुंबू शकतं.

दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसतं. एबीएससाठी (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी) प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातच असतो. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि ते बाकीच्यांपेक्षा थोडं जलद फिरतं. गाडी तेवढ्यावरून ओळखते. युक्ती छान आहे, पण तिची मूळ गोम ध्यानात घ्या. ती चाकांची आपापसात तुलना करते. महिने गेले आणि चारही टायर सारखेच खाली आले, तर तुलनेला फरकच उरत नाही. नव्या गाड्यांत चाकाच्या कंपनांवरूनही अंदाज घेतात, त्यामुळे ही उणीव बरीच भरून निघते, पूर्ण निघत नाही. शिवाय हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर बटण दाबून किंवा स्क्रीनवरून "हा दाब बरोबर" असं गाडीला शिकवावं लागतं. कमी हवेवरच कोणी ते बटण दाबलं, तर गाडी कमी हवेलाच बरोबर समजते. दिवा लागला की बटण दाबून विझवणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका.

दिवा सतत पेटून राहिला तर कुठल्या तरी टायरमध्ये हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर राहिला, तर हवेचं सोडा, यंत्रणाच बिघडली आहे आणि ती आता काहीही सांगणार नाही. थंडीच्या पहाटे दिवा लागतो आणि थोडं अंतर गेल्यावर विझतो, हाही अनुभव पुष्कळांना येतो. टायर तापून दाब वाढला म्हणून तो विझला. हवा कमी आहे ती आहेच, त्या दिवशीच भरून घ्या.

आता या पत्रकातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हा दिवा उशिरा लागतो. अमेरिकेच्या नियमात दाब तक्त्यातल्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर इशारा देणं बंधनकारक आहे, आणि तोही २० मिनिटांच्या आत दिला तरी चालतो. ३३ पीएसआयचे २५ टक्के गेले म्हणजे उरले पावणेपंचवीस. २६ पीएसआयवर भरलेली गाडी घेऊन तुम्ही महामार्गाला लागलात आणि दिवा गप्प राहिला, तरी यंत्रणा नियमात बसते. टायर मात्र आतून शिजत असतो. ज्यांच्या गाडीत आकडे दिसतात त्यांनी दिव्याची वाट न पाहता निघण्यापूर्वी आकडेच वाचावेत. एका चाकाचा आकडा इतरांपेक्षा दोन-तीनने सारखा खाली येत असेल तर तिथे खिळा आहे, नाहीतर व्हॉल्व्ह किंवा रिमची कड गळते आहे.

आणि ज्या टायरचे पट्टे आतून सुटत आहेत, त्याचा दाब शेवटपर्यंत ठीकच असतो. दगडावर आपटून फाटणाऱ्या टायरचंही तसंच. त्याबद्दल कोणताही सेन्सर आधी काही सांगू शकत नाही.

यंत्रणा नसलेल्या गाडीसाठी व्हॉल्व्हच्या टोकावर फिरकीने बसणारे सेन्सर मिळतात. उपयोगी आहेत, पण एक हिशेब पाहा. ताशी १०० किलोमीटरला १५ इंची चाकाच्या व्हॉल्व्हवरची १० ग्रॅमची टोपी बाहेरच्या बाजूला सुमारे दीड किलोच्या ओढीने खेचली जाते. जुना, तडे गेलेला रबरी व्हॉल्व्ह हे सोसेल याची हमी आम्ही देणार नाही. असे सेन्सर लावायचे तर धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या.

हवा बरोबर असूनही

टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेले आहेत. त्याला दुरुस्ती नाही, आणि तो घेऊन महामार्गाला जाऊ नका. पंक्चर बाजूच्या भिंतीत किंवा खांद्यावर असेल तरी तेच. नक्षीच्या भागातलं, ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त होतं, पण टायर उतरवून आतून पॅच लावल्यावर. बाहेरून खुपसलेली दोरी ही मुक्कामापर्यंत पोहोचण्याची सोय आहे. आतून पाहण्याचा आम्ही आग्रह धरतो तो याचसाठी की हवा जाऊन बसलेल्या टायरवर गाडी थोडी जरी चालली असेल तर आतला भुगा लगेच बोलतो.

नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की खाचांमधल्या उंचवट्यांशी ती सपाट होते, तिथे टायर संपला. गोटा झालेला टायर पावसात जसा घसरतो तसाच खड्याने सहज भोसकलाही जातो.

वय बाजूला छापलेलं असतं. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक पाहा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्या, दहा वर्षांनंतर दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाका. यात स्टेपनीही आली. वर्षानुवर्षं न वापरलेली, नव्यासारखी काळीभोर स्टेपनी वयाने म्हातारीच असते, आणि बहुतेक वेळा तिच्यात हवाही नसते. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय लागतात आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं.

दोनच टायर नवे घेत असाल तर ते मागे बसवा. पुढची चाकं स्टिअरिंगने सावरता येतात, मागची सुटली तर हातात काही उरत नाही.

फुटलाच तर

मोठा आवाज होईल आणि पाय आपोआप ब्रेकवर जाईल. तो तिथे जाऊ देऊ नका. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. फुटलेलं चाक आधीच एका बाजूने गाडीला ओढत असतं. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, ओढ वाढते आणि गाडी आडवी होऊ लागते.

स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गाडी आपल्या पट्ट्यात सरळ ठेवा, एवढंच पहिलं काम. पुढचा टायर गेला असेल तर स्टिअरिंग त्या बाजूला जड होऊन ओढेल. मागचा असेल तर स्टिअरिंग फारसं बोलणार नाही, पण गाडीचं शेपूट डुलल्यासारखं वाटेल. झटक्याने उलटं वळवू नका, थोडं थोडं सावरा. अॅक्सिलरेटरही एकदम सोडू नका. क्षणभर आहे तसा ठेवा, गाडी सरळ झाली की हळूहळू काढा. फुटलेलं चाकच वेग कमी करत जाईल. वेग बराच उतरल्यावर धोक्याचे दिवे लावा, कडेला घ्या आणि अगदी शेवटी हलका ब्रेक.

वळणावर किंवा अरुंद जागी थांबू नका. मोकळी, सपाट जागा मिळेपर्यंत मुंगीच्या पावलाने पुढे जा. रिम जाईल, जाऊ द्या, रिम बदलता येते. माणसांना वाहतुकीच्या उलट बाजूने उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा, मगच जॅक काढा.

दुचाकीवर हँडल घट्ट धरा, थ्रॉटल हळू सोडा आणि ब्रेक लावायचाच तर चांगल्या चाकाचा, अगदी हलका. ट्यूबच्या टायरमधली हवा क्षणात जाते, ट्यूबलेसमधली बहुधा सावकाश. लांबचा प्रवास नेहमीचा असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे.

फुटलेला टायर रस्त्याकडेला टाकून येऊ नका. शक्य असेल तर तुकड्यांसकट घेऊन या. तुमच्या समोर तो उघडून आतला भुगा, दोरे, पट्ट्यांच्या कडा आणि व्हॉल्व्ह आम्ही दाखवू, आणि बाकीचे तीन टायरही उतरवून पाहू. एकाच दिवशी बसवलेले, एकाच हवेवर तेवढेच किलोमीटर धावलेले ते तीन तुम्हाला घरी घेऊन जाणार आहेत.